जुलै सोडून केनिया

नान्नजच्या माळावर दुर्बीण घेऊन दिवसदिवस बसलेले आणि माळढोक न दिसता परतलेले पक्षीवेडे महाराष्ट्रात पुष्कळ सापडतील. सोलापूर जिल्ह्यातला हा टापू १९७९ साली माळढोकासाठी राखीव झाला. आज देशात हा पक्षी दीडशेच्या आसपास उरलाय, आणि त्यातले बहुतेक राजस्थानात. अशा माणसानं केनियातल्या मसाई मारात पहिल्याच सकाळी गाडीतून बाहेर पाहावं आणि तीस-चाळीस पावलांवर माळढोकाचा चुलतभाऊ आपल्याच तंद्रीत चालताना दिसावा, याचं अप्रूप सिंह दिसण्यापेक्षा नक्कीच जास्त आहे. कोरी बस्टर्ड त्याचं नाव. दोघांचं शास्त्रीय कुळ एक, चाल एक, मान ताठ ठेवून आकाशाकडे चोच करण्याची ऐटही तीच. नराचं वजन १८ किलोपर्यंत जातं. उडू शकणाऱ्या पक्ष्यांत याच्याइतके जड फार थोडे. माद्यांना भुलवायला तो मानेची पिसं फुग्यासारखी फुलवतो, शेपूट पाठीवर उलटी टाकतो, आणि मग लांबून पाहणाऱ्याला माळावर पांढरं गाठोडं पडल्यासारखं वाटतं.

नेमक्या याच वेळी गाडीतला रेडिओ खरखरतो. दुसऱ्या ड्रायव्हरला कुठेतरी सिंह दिसलेला असतो. गाडीतले बाकीचे पाचजण ‘चला, चला’ म्हणतात आणि कोरी बस्टर्ड धुळीत मागे पडतो.

आपल्याकडच्या बहुतेक केनिया सहलींचं गणित ‘बिग फाइव्ह’भोवती बांधलेलं असतं: सिंह, बिबट्या, हत्ती, गेंडा आणि रानम्हैस. ही यादी मुळात गोऱ्या शिकाऱ्यांची. पायी शिकार करताना जीवावर बेतू शकेल असे हे पाच प्राणी. बंदूक जाऊन कॅमेरा आला तरी यादी काही बदलली नाही. केनियात पक्ष्यांच्या ११०० च्या आसपास जाती आहेत, एकट्या मारा परिसरात साडेचारशेहून अधिक, आणि हा देश आपल्या भारताच्या पाचव्या भागाएवढाही नाही. जगात इतक्या थोडक्या जागेत, गाडीत बसल्या बसल्या, इतके पक्षी इतक्या जवळून दिसणारी ठिकाणं कमीच. फक्त त्यासाठी जायची वेळ बदलायला हवी.

मराठी पर्यटक केनियाला जातो तो जुलै-ऑगस्टमध्ये, कधी दिवाळीच्या सुट्टीत. जुलै ते ऑक्टोबर या काळात टांझानियाच्या सेरेंगेटीतून वर आलेले लाखो विल्डबीस्ट मारा नदी ओलांडतात, मगरी टपून असतात, आणि टीव्हीवर पाहिलेलं दृश्य समोर घडतं. ते पाहण्यासारखं आहे यात शंका नाही. पण पक्ष्यांसाठी हा हंगाम मध्यमच. युरोप आणि आशियातले पाहुणे पक्षी तेव्हा आपापल्या घरी पिलं वाढवत असतात, आणि स्थानिक पक्ष्यांपैकी कित्येक नर विणीचा साज उतरवून चिमणीसारखे मातकट झालेले असतात. नोव्हेंबर ते एप्रिल हा खरा काळ. नोव्हेंबर-डिसेंबरात तिथे हलका पाऊस पडतो, मार्च ते मे मोठा; मधले जानेवारी-फेब्रुवारी कोरडे आणि पाहुण्यांनी भरलेले. मला विचाराल तर हेच दोन महिने. खर्चाचीही बाजू आहे. २०२४ पासून परदेशी प्रौढ पर्यटकाला मारात जुलै ते डिसेंबर दिवसाला २०० डॉलर मोजावे लागतात, जानेवारी ते जून १०० डॉलर.

या पाहुण्यांत काही आपल्या ओळखीचे असतात. अमूर ससाणा सैबेरिया आणि उत्तर चीनकडून निघतो, ऑक्टोबर-नोव्हेंबरात नागालँडमध्ये डोयांग जलाशयापाशी हजारोंच्या थव्यांनी उतरतो, मग भारताचं द्वीपकल्प ओलांडून अरबी समुद्रावर झेपावतो आणि न थांबता आफ्रिकेचा किनारा गाठतो. वाटेत लोणावळ्याच्या आसपास तो थोडे दिवस टेकतो तेव्हा पुण्या-मुंबईचे छायाचित्रकार त्याच्या मागावर असतात. जेमतेम पाव किलोही वजन नसलेला हा पक्षी. नागालँडमध्ये २०१३ साली काहींच्या पाठीवर उपग्रहाशी बोलणारी छोटी यंत्रं बसवली, तेव्हा हा प्रवास नकाशावर आखता आला. डिसेंबरच्या सुमारास केनियातल्या त्सावोच्या आकाशात पावसाबरोबर उडणाऱ्या वाळवीवर तो ताव मारत असतो आणि तिथून आणखी दक्षिणेला जातो. उलट दिशेचा प्रवासी म्हणजे चातक. आपल्याकडे मृगाच्या तोंडावर येणारा, सातभाईच्या घरट्यात अंडी घालून मोकळा होणारा हा पक्षी आफ्रिकेहून येतो आणि पावसाळा सरला की तिकडेच परततो.

पहिल्यांदा जाणाऱ्याचा कॅमेरा सर्वात जास्त वेळा कुणाकडे वळत असेल, तर तो जांभळ्या छातीच्या नीलपंखाकडे. आपल्या शेतातल्या तारेवर बसणारा नीलपंख बसलेला असताना तसा मळकट दिसतो आणि उडाला की निळाईचा स्फोट होतो. याचं तसं नाही. बसल्या जागीच छाती जांभळी, डोकं हिरवट, पोट आकाशी, पाठ तपकिरी. पंख उघडले की त्यात गडद निळ्याची भर. मारात तो खुरट्या झुडपाच्या शेंड्यावर किंवा वाळवीच्या वारुळावर बसतो, खाली नाकतोडा दिसला की झेपावतो आणि बहुधा त्याच जागी परत येतो. छायाचित्रकाराच्या दृष्टीनं ही फार सोयीची सवय. गाडी थांबवायची, इंजिन बंद करायचं, परत बसण्याच्या जागेवर फोकस साधून ठेवायचा. उडण्याच्या क्षणाची चाहूलही लागते: तो पुढे झुकतो, पाय किंचित दुमडतो, आणि बऱ्याचदा आधी शिटतो. शिटला की बोट बटणावर हवंच. शटर १/३२०० सेकंदाच्या खाली आणू नका, नाहीतर पंखांची टोकं पुसट येतात. या एका पक्ष्यावर अर्धा तास घालवायची तयारी असेल, तर सहलीतलं सर्वात चांगलं चित्र इथेच मिळून जातं. मात्र गाडीतले इतर लोक तोवर तुमच्याकडे कसे पाहतील हे सांगायला नको.

म्हणूनच सहलीच्या ठरावीक गटात पक्षी पाहणं अवघड. चार समानधर्मी जमवून गाडी वेगळी घ्या. लँडक्रूझरमध्ये चौघे आणि प्रत्येकाला खिडकी, यापेक्षा जास्त माणसं नकोत. या गाड्यांचं छत वर उचलतं आणि सगळे उभे राहून त्यातून कॅमेरे काढतात. हत्ती-जिराफाला ते ठीक. जमिनीवरच्या पक्ष्याचं चित्र मात्र तिथून काढलं की तो वरून दाबल्यासारखा येतो. खिडकीची काच पूर्ण खाली करा, चौकटीवर बीनबॅग ठेवा आणि बसून काढा. पक्ष्याच्या डोळ्याच्या पातळीच्या जितकं जवळ जाल तितकं चित्र जिवंत. बीनबॅग इथून रिकामी न्यायची आणि नैरोबीत दोन-तीन किलो तांदूळ घेऊन भरायची. निघताना ते तांदूळ ड्रायव्हरला द्यावेत. नैरोबीच्या विल्सन विमानतळावरून छोट्या विमानानं मारात जाणाऱ्यांनी ती तिथे पोचल्यावरच भरावी, कारण त्या विमानात हातातल्या सामानासकट एकूण १५ किलोचीच मुभा असते आणि बॅगही मऊ हवी. त्यात ६०० मिलिमीटरची मोठी लेन्स नेणाऱ्याला कपडे किती नेता येतील याचा हिशेब करावा लागतो. १००-४०० किंवा १५०-६०० ची झूम लेन्स बहुतेकांना पुरते.

मारा विषुववृत्ताच्या किंचित दक्षिणेला. सूर्य वर्षभर साडेसहाच्या आगेमागे उगवतो आणि आपल्या हिवाळ्यातल्यासारखा रेंगाळत नाही, सरळ वर चढतो. म्हणजे मऊ, तिरपा प्रकाश दोन तासांत संपतो. दहानंतर तापलेल्या माळावरून हवा थरथरत वर येते, आणि लांबचा पक्षी कितीही महागड्या लेन्सनं टिपला तरी पाण्याखाली असल्यासारखा दिसतो. लेन्सला दोष देऊन उपयोग नाही. जवळ जायचं किंवा नाश्ता करायचा. पावसाळी महिन्यांचा एक फायदा इथेही कळतो. दुपारी चारच्या सुमारास काळेभोर ढग भरून येतात, त्यांच्या खालून तिरपं ऊन शिरतं, आणि त्या पाटीसारख्या आकाशासमोर बसलेला नीलपंख किंवा मुकुटधारी क्रौंच जसा दिसतो तसा ऑगस्टच्या धुळकट दुपारी कधीच दिसत नाही.

नाश्त्याच्या झाडाखाली भेटणारा पक्षीही चुकवू नये. सुपर्ब स्टारलिंग ही आपल्या मैनेची नातलग. पाठ चमकती निळी-हिरवी, पोट विटकरी, मध्ये पांढरा पट्टा. पावाच्या चुऱ्यासाठी पायाशी येते म्हणून कुणी तिच्याकडे ढुंकून पाहत नाही. हे पक्षी थव्यानं राहतात आणि एकाच्या पिलांना दुसरे भरवतात. नात्यातल्यांना मदत करणं समजण्यासारखं आहे. पण मध्य केनियात २० वर्षं या पक्ष्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या संशोधकांनी २०२५ साली दाखवून दिलं, की ते नात्याबाहेरच्यांनाही मदत करतात आणि ती मदत पुढे कधीतरी परत फेडली जाते. आपल्याकडच्या लग्नातल्या आहेरासारखंच हे. चुरा मात्र टाकू नये.

विणीच्या साजाबद्दल वर म्हटलं, त्याचं सगळ्यात नाट्यमय उदाहरण म्हणजे लांब शेपटीचा विडोबर्ड. सुगरणीच्या कुळातला हा काळा पक्षी, चिमणीहून थोडा मोठा, आणि शेपूट अर्ध्या मीटरची. नैवाशा सरोवराच्या वरच्या अंगाला किनांगोपचं पठार आहे. तिथल्या गवताळ माळांवर पावसाच्या दिवसांत नर ही शेपूट फडफडवत हळूहळू तरंगतो. उडायला अडचण, शिकाऱ्याला खूण; मग हा भार वाहायचा कशाला, हा प्रश्न डार्विनलाही पडला होता. त्याचं उत्तर होतं, माद्यांना आवडतं म्हणून. हे खरं आहे का, ते रानात तपासलं माल्टे अँडरसन या स्वीडिश शास्त्रज्ञानं, याच किनांगोपवर. त्यानं काही नरांची शेपूट कात्रीनं कापून चौदा-एक सेंटिमीटरवर आणली आणि कापलेला तुकडा दुसऱ्या नरांच्या शेपटीला सरळ गोंदानं चिकटवला. काहींची कापून पुन्हा तशीच जोडली, म्हणजे कापण्याचाच काही परिणाम होतो का हे कळावं. मग प्रत्येकाच्या हद्दीत किती माद्या घरटी करतात ते मोजलं. शेपूट लांबवलेल्यांकडे सर्वाधिक घरटी झाली. १९८२ साली ‘नेचर’मध्ये छापून आलेला हा निबंध आज जीवशास्त्राच्या जवळपास प्रत्येक पाठ्यपुस्तकात आहे, आणि तो माळ नैरोबीहून दोन-अडीच तासांच्या वाटेवर.

भारतात सुगरणीच्या कुळातल्या चार जाती. आफ्रिकेत याच कुळाच्या शंभराहून अधिक. केनियातल्या हॉटेलांच्या आवारात बाभळीच्या एकेका झाडावर त्यांची घरटी लटकलेली दिसतात.

गिधाडांकडे मराठी पर्यटक नाक मुरडून पाहतो, आणि हे मला खरोखर खटकतं. आपल्याकडे जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामकानं गिधाडं जवळजवळ संपवली. २००६ मध्ये त्यावर बंदी आली तोवर काही जातींतली शंभरातली पंचाण्णवहून अधिक गेली होती. रायगड-गडचिरोलीत उरलेली मोजकी पाहायला माणसं रजा काढून जातात. मारात मेलेल्या झेब्र्याभोवती ती शेकड्यांनी दिसतात, आणि थोडा वेळ थांबलं तर त्या गोंधळात शिस्त दिसू लागते. पांढऱ्या पाठीची गिधाडं संख्येनं सर्वाधिक. त्यांची मान लांब आणि जवळपास उघडी, कारण ती सांगाड्यात खोल खुपसायची असते. पण जाड कातडं त्यांना फाडता येत नाही. ते काम लॅपेट-फेस्ड गिधाडाचं, लालबुंद डोक्याचं, नऊ फुटांच्या आसपास पंखविस्तार असलेलं. ते उतरलं की बाकीचे सरकतात. कडेला छोटं, बारीक चोचीचं हूडेड गिधाड उडालेले तुकडे टिपत फिरतं. उंचावरून एकानं खाली झेप घेतली की मैलभर अंतरावरचं दुसरं त्याच्याकडे पाहून वळतं, त्याला पाहून तिसरं. यातलंच रुपेलचं गिधाड १९७३ साली आयव्हरी कोस्टवर प्रवासी विमानाला धडकलं, तेव्हा विमान ११,३०० मीटरवर होतं. पक्ष्याच्या उड्डाणाची याहून मोठी उंची नोंदलेली नाही.

केनियात गिधाडांना धोका औषधाचा नाही, सुडाचा आहे. सिंहानं गाय मारली की चिडलेला गुराखी मेलेल्या गाईवर कार्बोफ्युरान हे शेतीचं कीटकनाशक टाकतो. सिंह मरतो किंवा वाचतो, पण त्या गाईवर उतरलेली शंभर गिधाडं एका सकाळी मरतात.

सरोवरांबद्दल थोडं सावध करायला हवं, कारण जाहिरातीतली चित्रं जुनी आहेत. नाकुरू सरोवराचा रोहितांनी (फ्लेमिंगोंनी) गुलाबी दिसणारा काठ आता भरवशाचा राहिलेला नाही. छोटा रोहित खारट-सोडामिश्रित पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्म शैवालावर जगतो, चोच उलटी धरून ते गाळून घेतो. गेल्या दीड दशकात रिफ्ट खोऱ्यातल्या सरोवरांची पातळी चढली, नाकुरूचं पाणी पसरून पातळ झालं, शैवाल घटलं आणि रोहित बोगोरियासारख्या दुसऱ्या सरोवरांकडे निघून गेले. काही वर्षी येतात, काही वर्षी नाही. ज्यांना हमखास हवेत त्यांनी ठाण्याच्या खाडीवर जावं, तिथे याच जातीचे रोहित हिवाळा-उन्हाळ्यात हजारोंनी असतात. नाकुरूला गेंडे पाहायला जा. नैवाशात होडीतून फिरणं मात्र आजही उत्तम. फक्त नावाडी मासा हवेत फेकून मत्स्यगरुडाला बोलावतो त्याला नको म्हणा. पाण्यावर झेपावणाऱ्या गरुडाचं ते चित्र प्रत्येकाकडे असतं, अगदी त्याच कोनातून.

नको म्हणायला शिकणं इथे पुष्कळदा कामी येतं. मारात एका प्राण्याभोवती पाचाहून अधिक गाड्या थांबू नयेत असा नियम आहे. जुलैत तो कसा पाळला जातो ते कुणीही जाऊन पाहावं. चित्त्यांवर याचा परिणाम मोजला गेला आहे. २०१८ साली छापून आलेल्या मारातल्या अभ्यासात, जिथे पर्यटक कमी तिथे चित्त्याच्या मादीची एका वेतातली सरासरी दोनाहून अधिक पिलं जाणती झाली. जिथे गर्दी जास्त, तिथे पाच वेतांमागे जेमतेम एक. माळावर उघड्यावर अंडी घालणाऱ्या टिटव्या-चंडोलांचा असा हिशेब कुणी विचारत नाही, पण रस्ता सोडून गवतात घातलेल्या चाकाखाली त्याच येतात. राखीव क्षेत्रात रस्ता सोडायला बंदी आहे. लगतच्या मसाई लोकांच्या मालकीच्या कॉन्झर्व्हन्सींत मुभा असते आणि गाड्याही मोजक्या असतात. तिथलं राहणं महाग, पण पक्ष्यांसाठी जाणाऱ्यानं हाच पैसा आधी बाजूला काढावा.

त्याहून आधी, ड्रायव्हर. केनियात सफारी गाइडांच्या संघटनेच्या परीक्षा असतात, ब्राँझ, सिल्व्हर आणि गोल्ड अशा चढत्या. सहल ठरवतानाच लिहून कळवा, की आम्हाला सिल्व्हरचा, पक्षी ओळखणारा गाइड हवा आणि आम्ही सिंहामागे धावणार नाही. असा माणूस आवाजावरून पक्षी सांगतो आणि तुम्ही कॅमेरा उचलण्याआधी सूर्य पाठीमागे येईल अशी गाडी लावतो. बाकी बारीकसारीक: पिवळ्या तापाची लस निघण्याच्या किमान दहा दिवस आधी घ्या, परत येताना मुंबईच्या विमानतळावर दाखला मागतात. प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर केनियात २०१७ पासून कडक बंदी आहे, तेव्हा चिवडा-लाडू कापडी पिशवीत किंवा डब्यात न्या. परवान्याशिवाय ड्रोन नेऊ नका, जप्त होतो.

मोंबासाच्या किनाऱ्यावर गेलात तर आपला गावकावळा भेटेल. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी कचरा साफ करायला तो झांझिबारला नेला, तिथून तो मुख्य भूमीवर पसरला आणि स्थानिक पक्ष्यांची अंडी-पिलं खाऊ लागला. २०२४ मध्ये केनिया सरकारनं दहा लाख कावळे मारण्याचा बेत जाहीर केला. पितृपक्षात पिंडाला कावळा शिवायची वाट पाहणाऱ्यांनी हे वाचून काय म्हणावं, कोण जाणे.

आणि सहलीचा एखादा बुधवार नैरोबीत काढता आला तर सकाळी राष्ट्रीय संग्रहालयात जा. ‘नेचर केनिया’ या संस्थेची बुधवारची पक्षी-फेरी तिथून निघते. फ्लर एन्गवेनो यांनी १९७१ मध्ये ती सुरू केली. शाळकरी मुलांपासून निवृत्तांपर्यंत कुणीही येतं, आणि केनियातले कित्येक नामवंत गाइड याच फेरीत पक्षी शिकले. मोठी लेन्स हॉटेलात ठेवा, दुर्बीण पुरे. जाताना रस्त्याकडेच्या बाभळींवर टकल्या मानेचे, माणसाच्या छातीएवढे उंच मराबू करकोचे रांगेनं बसलेले दिसतील. खाली गाडी लावू नका.